दीड बादली

मंडळी, सकाळी नळाला गढूळ पाणी आलं की आपण पाणीवाल्यांच्या नावानं बोटं मोडतो. ती बोटं ज्याच्या नावानं मोडली, तो हा टाकीवाला. पाणी शुद्ध करायच्या कामात त्याची वीस वर्षं गेलेली. माणूस वाईट नव्हता, फक्त हाताचा सैल.

नदीला पूर आला, पाणी चहासारखं झालं. गाळ बसवायचं औषध टाकीला रोज एक बादली जायचं. त्यानं दोन ओतली. गाळ बसेना. मग तीन.

"दादा, आधी काचेच्या भांड्यात करून बघा की," प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या.

"माझे डोळे हीच माझी प्रयोगशाळा, बाई! पाणी गढूळ, म्हणजे औषध कमी. त्यात बघायचंय काय?"

आठवडाभरात गल्लोगल्ली जुलाब-उलट्या, दोन-तीन माणसं दगावलीसुद्धा. टाकीवाल्याची म्हातारी आईसुद्धा सलाईनवर. दवाखान्यातून तो तसाच कामावर आला आणि चौथी बादली उचलली.

बाईंनी बादली धरली. "खाली ठेवा."

"अहो, माझी आई मरतेय तिकडं!"

"म्हणूनच ठेवा."

त्यांनी सहा भांडी मांडली. पाणी तेच, औषध चढतं. ढवळलं, थांबले. पहिलं भांडं गढूळ. तिसऱ्यात गाळाचे गोळे होऊन तळाला, वर पाणी नितळ. आणि सहावं? पुन्हा गढूळच!

"हे कसं काय?"

"गाळाच्या कणाकणावर विजेचा उणे भार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून गाळ तरंगतो. आपलं औषध म्हणजे लांबलचक साखळी, तिच्यावर जागोजागी अधिक भार. ती कणांना ओढून एकत्र बांधते. जास्त ओतलं की कण साखळ्यांनीच मढतात. मग सगळेच अधिक, पुन्हा ढकलाढकली! तान्ह्या बाळाच्या डायपरमधली पावडर याच जातीची, भार तेवढा उलटा. ती पाणी धरून ठेवते. आपलं औषधही कामाचंच आहे हो, पण मापात."

"म्हणजे… मीच?"

"जंतू गाळाआड लपले, क्लोरीन पोचलंच नाही. आणि मीही एकदा सांगून गप्प बसले. तुम्ही जुने, कसं टोकायचं म्हणून!"

तिसऱ्या भांड्याचं माप टाकीला दीड बादली निघालं. तो ओतत होता तीन, म्हणजे बरोबर दुप्पट. जीव गेले ते त्या वरच्या दीड बादलीपायी.

त्या मापानं औषध टाकलं, आणि दुपारपर्यंत पाणी इतकं नितळलं की टाकीचा तळ दिसला. त्यानं ते पाणी बाटलीत भरलं आणि दवाखाना गाठला. आई अकरालाच गेली होती. बाटली हातातच राहिली.

आता तो कामाला लागायच्या आधी सहा भांडी मांडतो. कुणी घाई केली तर म्हणतो, "थांब रे, आईला विचारतोय."

बाबांनो, अंदाज कितीही जुना असू द्या, माप घ्या. आणि कुणी चुकत असेल तर एकदा सांगून गप्प बसू नका. हात धरा!