महायंत्राला बादलीभर पाणी

मित्रांनो, माझी घरघर जरा मोठी वाटली तर रागावू नका. आजच पोटभर पाणी मिळालं आहे, आणि पाणी मिळालं की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. मी लोखंडी कूलर आहे, वयाने जुना, अंगाने जाडजूड, आणि आमच्या वडनेरात माझ्याएवढं नाव कमावलेला कूलर दुसरा नाही. बढाई वाटत असेल तर गावात कोणालाही विचारा. गाव मला महायंत्र म्हणतं.

माझा जन्म वर्ध्याला ओमप्रकाश मिस्त्रींच्या दुकानात झाला. त्यांनी पत्रा कापला, वाकवला, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या बसवल्या आणि समोर पंखा लावला. वडनेरचे रूपराव मला न्यायला आले तेव्हा मिस्त्री माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पोरायच्या लग्नापर्यंत चालते हा. फक्त आधी बटन बंद, मंग पाणी. इतकं ध्यानात ठेवजा."

रूपरावांच्या घरी मी खूप उन्हाळे काढले. होळी झाली की मला बाहेर काढत, धूत, नव्या ताट्या लावत. संध्याकाळी पाणी भरायचं काम सुरभी आणि रजत या बहीणभावांचं. "आज तुही पाळी हाय!" "नाई, कालपण मीच भरलं होतं!" असं भांडण रोज व्हायचं. शेवटी त्यांची आई, रुख्माबाई, ओरडायची आणि दोघं मिळून बादली उचलून आणायची. मग ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरायचा आणि मला फार धन्य वाटायचं.

माझ्यासमोरच टीव्ही होता. दुपारभर ही पोरं यंत्रमानवांचे सिनेमे बघत आणि त्यांच्याबरोबर मीही. बहुतेक सिनेमांची कथा एकच असे. एक शास्त्रज्ञ मोठं यंत्र बनवायचा, छाती फुगवून म्हणायचा की आता माझ्यावर कोणी नाही, आणि थोड्याच वेळात ते यंत्र त्याच्याच मानगुटीवर बसायचं. शेवटी धमाका. यंत्राच्या चिंधड्या उडाल्या की रजत टाळ्या पिटायचा. मला मात्र त्या शास्त्रज्ञांचं नवल वाटे. ते यंत्राला मेंदू देत, डोळे देत, बोलायला शिकवत. पण त्याचं तेलपाणी कोण बघणार, हे एकालाही सुचत नसे. जग जिंकायला निघालेला माणूस बादली उचलत नाही, हे मी तेव्हाच ओळखलं होतं.

पुढे घरात एसी आला आणि माझी रवानगी गोठ्यामागे झाली. माझ्या टाकीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? ज्यांना मी थंड झोप दिली ती पोरं शेजारून जात, पण माझ्याकडे बघतही नसत.

यंदा चैत्रात मात्र सुरभी एकदम माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती आता वर्ध्याला कॉम्प्युटर शिकते. गावातच विज्ञानाचा सिनेमा काढायचं तिच्या डोक्यात भरलं होतं. "रजत, हेच आपलं महायंत्र!" ती ओरडली. कोंबड्यांना हाकललं, मला चंदेरी रंग फासला, ताट्यांवर चकचकीत पुठ्ठे ठोकले आणि पंख्यामागे लाल दिवा लावला. माझा आवाज रजतने काढला. "मानवा, आता मीच तुझा मालक!" असं मी म्हणालो की बघायला जमलेली माणसं दोन पावलं मागे सरकत. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो, हे काय सांगायला हवं?

शास्त्रज्ञाचं काम वासुदेवरावांकडे होतं. ते शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे गुरुजी. भर उन्हाळ्यात लोकरी कोट घालून ते गर्जत, "मी ऊन विझवीन! मी पावसाला हुकूम देईन!" ते वाक्य त्यांना इतकं आवडलं की चहा पितानाही तेच म्हणत.

एवढ्यात मला शेवटचं दृश्य कळलं. शास्त्रज्ञ घन उचलणार आणि महायंत्राचा चुराडा करणार. खराखुरा! रजत लोहाराकडून घन घेऊनही आला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तसंही पोटात नव्हतंच.

"काऊन फोडता रे त्याले?" रुख्माबाई म्हणाल्या. "त्याच्याच हवेत लहानाचे मोठे झाले ना तुमी?"

"आई, पिक्चरमधी मशीन फुटतेच," रजत म्हणाला. "धमाका नसन तर लोकं हसतीन आपल्याले."

हनुमान जयंतीच्या संध्याकाळी देवळासमोर सिनेमा दाखवायचं सुरभीने गावभर सांगून ठेवलं होतं. तो दिवस उजाडला तरी हे एकच दृश्य उरलं होतं.

दुपारी कापूस ठेवायच्या रिकाम्या खोलीत सगळे जमले. वरचा पत्रा तव्यासारखा तापलेला. मला सुरू केलं, पण पाण्याविना मी नुसत्या उन्हाच्या झळा फेकत होतो. वासुदेवरावांनी घन उचलला. मी जीव मुठीत धरला. आणि सुरभीच्या हातातला मोबाइल बंद पडला! चित्रीकरण त्याच्यावरच चाललेलं. तापला म्हणून त्याने डोळेच मिटले.

रजत मोबाइल घेऊन एसीच्या खोलीत धावला. तिथे तो थंड झाला, सुरू झाला. इथे आणला, तर वासुदेवरावांचं अर्धं वाक्य होईपर्यंत पुन्हा बंद. पुन्हा नेला, पुन्हा तेच. एसी भिंतीतून उपटून आणता येत नव्हता, आणि त्या खोलीत घन फिरवायला जागा नव्हती. वासुदेवरावांनी घन खाली ठेवला आणि तेही खाली बसले. "पोरी, मले चक्कर येऊन राह्यली," ते म्हणाले. पावसाला हुकूम देणारे गुरुजी घामाने निथळत होते.

सुरभी माझ्याकडे बघत राहिली. मग ती एकदम म्हणाली, "रजत, आज तुही पाळी हाय."

"कायची?"

"पाणी भरायची! बाबा, बटन बंद करा आधी."

रूपरावांनी बटण बंद केलं. सुरभीने माझे पुठ्ठे टराटरा ओढून काढले. रुख्माबाईंनी ताट्या झटकल्या. रजतने बादल्या आणून ओतल्या आणि पंपाला चार चापट्या मारल्या. इतक्या वर्षांनी पोटात पाणी पडलं तेव्हा मला काय वाटलं, ते शब्दांत सांगता येणार नाही. बटण दाबलं. पंप खोकला, खाकरला आणि चालला! वाळा भिजला, मी छाती भरून श्वास घेतला आणि अशी हवा सोडली की वासुदेवरावांच्या जिवात जीव आला. मोबाइलनेही डोळे उघडले.

"आता मारा घन!" रजत ओरडला.

वासुदेवराव उठले, पण हात उचलेनात. "अरे, हा बंद पडला तर मोबाइलबी बंद पडते. मंग शूटिंग कायच्यावर करान?"

सुरभी पोट धरून हसू लागली. "शेवट बदलवा," ती म्हणाली. "गुरुजी, घन ठेवा. बादली घ्या."

त्या संध्याकाळी देवळासमोर सारं गाव बसलं होतं. पांढऱ्या चादरीवर महायंत्र गर्जत होतं, शास्त्रज्ञ घाबरून पळत होता. शेवटी त्याने घन उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि घन टाकून दिला. त्याने माझं बटण बंद केलं, टाकीत बादलीभर पाणी ओतलं आणि हळूच म्हणाला, "तुले बनवलं मी, पन तुले तहान लागते हे इसरूनच गेलतो." पुन्हा बटण दाबलं, तेव्हा लाल दिवा विझला होता आणि माझ्यातून थंडगार वारा आला. चादरीशेजारी मी खराखुरा उभा होतो. सुरभीने त्याच क्षणी मलाही सुरू केलं. वाळ्याचा वास पहिल्या ओळीपर्यंत पोचला आणि अख्खं गाव टाळ्या वाजवत उभं राहिलं. धमाक्याची आठवण कोणालाही झाली नाही, रजतलासुद्धा नाही.

आता मी गावच्या वाचनालयात असतो. चंदेरी रंग तसाच आहे. तुमच्यासारखी मुलं माझ्यासमोर अभ्यास करतात आणि पाणी कोणी भरायचं यावरून भांडतात. भांडा, खुशाल भांडा, ते ऐकायला मला फार आवडतं. उद्या तुमच्यापैकी कोणी माझ्याहून हजारपट हुशार यंत्र बनवेल. जरूर बनवा, मित्रांनो, मला अभिमानच वाटेल. फक्त ते बनवाल त्या दिवशी एक बादलीही शेजारी ठेवा, आणि ती उचलायची पाळी पहिल्यांदा स्वतः घ्या.

चला, सांज झाली, बोलता बोलता पाणीही संपत आलं. आज कोणाची पाळी आहे? आणि हो, आधी बटण बंद!