चार महिने कमी

"नऊ वर्षं आठ महिने." वकील ओचोआबाईंनी लग्नाचा दाखला खाली ठेवला. "टेक्ससमध्ये पोटगी मागायला दहा वर्षांचा संसार लागतो."

"म्हणजे चार महिने कमी पडले म्हणून मी कोणीच नाही?" व्हर्ना उसळली. "नवऱ्याच्या आईला लकवा झाला म्हणून मी सलूनची नोकरी सोडली. सात वर्षं तिला उचललं, न्हाऊ घातलं. त्यात माझी पाठ गेली. आता तासभर उभं राहवत नाही. केस कापू कशी?"

"दाखल्याआधी एकत्र राहत होतात?"

"दोन वर्षं. रॉइस सगळ्यांसमोर मला बायकोच म्हणायचा."

"मग इथल्या कायद्याने तेव्हापासूनचं लग्न धरता येईल, कागद नसला तरी. पण साक्षीदार हवा."

चर्चमधल्या बायका म्हणाल्या, आम्हाला कशाला ओढतेस त्यात. नणंदेने फोनच उचलला नाही.

सुनावणीला रॉइस स्वतःच आईला घेऊन आला. घटस्फोटाचा अर्ज केल्या केल्या त्याने तिला वृद्धाश्रमात ठेवलं होतं. ती आपल्याच बाजूने बोलेल, याबद्दल त्याला शंका नव्हती.

त्याच्या आईला सगळे मिस लोरीन म्हणत. चाकाच्या खुर्चीतून ती सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलली. "बायको म्हणूनच आणली त्यानं हिला. सगळ्या चर्चसमोर सांगितलं. कागदाचं नंतर बघू म्हणाला."

"आई, तुला काही आठवत नाही!"

"आठवतं सगळं. तू भेटायला कधी आला होतास, तेवढं नाही आठवत."

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

संसार अकरा वर्षं आठ महिन्यांचा धरला गेला. व्हर्ना पोटगीला पात्र ठरली. किती आणि कधीपर्यंत, ते सप्टेंबरच्या तारखेला.

"आणखी एक तारीख?" व्हर्ना पुटपुटली. "आणि तोवर मी खाऊ काय?"

ओचोआबाई कागद आवरत राहिल्या.

बाहेर रॉइस आईला पिकअपमध्ये चढवत होता. त्याने नेमका दुखरा हात ओढला. ती कळवळली.

"सरक बाजूला," व्हर्ना म्हणाली. तिने म्हातारीच्या कमरेला विळखा घातला, एका दमात उचलून तिला सीटवर बसवलं, पट्टा लावला.

"तू चल ना माझ्याबरोबर," मिस लोरीन म्हणाली.

व्हर्नाने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि दार लावलं. रॉइस गाडीत बसला.

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी व्हर्ना गुडघ्यांवर हात टेकून तशीच वाकलेली उभी होती. सरळ व्हायला तिला बराच वेळ लागला.