वायरलेसवरचा हुकूम

बाई दुकानात आल्या तेव्हा मेकॅनिक एका जुन्या टेपरेकॉर्डरचं पोट उघडून बसला होता. आपण आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या तपास अधिकारी आहोत, असं त्यांनी सांगितलं. आठ वर्षांत अशी माणसं त्याच्याकडे दोनदा येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा त्याने एकच उत्तर दिलं होतं, मी काही ऐकलं नाही.

"मास्तर पकडला गेलाय, माहीत असेलच."

ते गावभर झालं होतं. डोंगरात दडून लढणाऱ्या बंडखोरांचा, म्हणजे डोंगरवाल्यांचा, हा म्होरक्या पूर्वी शाळेत गणित शिकवायचा, म्हणून मास्तर. आठ वर्षांपूर्वी त्याच्या माणसांनी कापड गिरणीतल्या एकेचाळीस कामगारांना मागच्या आवारात उभं करून गोळ्या घातल्या होत्या. त्यांत मेकॅनिकचा मेहुणा होता, धाकट्या बहिणीचा नवरा.

"आता तो म्हणतो, आमचं कसलं सैन्य? पोरं बेफाम झाली, मला कोण विचारत होतं!" बाई म्हणाल्या. "सरकारी फौज नसली तरी हुकूम देणाऱ्याला जबाबदार धरता येतं. पण हुकूम त्याचाच होता आणि माणसं त्याचं ऐकत होती, हे कुणीतरी सांगायला हवं. त्यांचे वायरलेस तुम्हीच दुरुस्त करायचात ना?"

"बंदुका घेऊन यायचे, मॅडम. नाही कसं म्हणणार?"

"त्याबद्दल तुम्हाला कुणी बोल लावत नाही. त्या दिवशी एखादा संच इथे होता?"

त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "उद्या सांगतो. आधी घरात एकीला सांगायचंय."

बहीण इस्त्री करत होती. दादा भरदुपारी आलेला पाहून तिने विचारलं, "काय रे, बरं नाही का?" तो बसला नाही. बसला असता तर पुन्हा काहीतरी इकडचं तिकडचं बोलून निघून गेला असता. म्हणून दारातच उभं राहून त्याने सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी त्यांचा संच टेबलावर होता. दुरुस्त झाला का पाहायला त्याने तो लावला आणि मास्तरचा आवाज आला. "दोन वाजता गिरणी. एकही जिवंत नको." पलीकडून कुणीतरी म्हणालं, "होय मास्तर."

"किती वाजले होते?"

"बारा."

बहिणीने इस्त्री उभी केली. "दादा, गिरणी दहा मिनिटांवर आहे."

"हो."

"बातमी ऐकून मी कोसळले तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होतास. तेव्हाही तुला माहीत होतं?"

"हो."

 अर्धवट राहिलेल्या शर्टाची घडी तिने नीट घातली. "जा, त्यांनाही सांग," ती म्हणाली. "पण परत इथे येऊ नकोस."

न्यायालयात मास्तर काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून बसला होता. जाड झाला होता, चष्मा लागला होता. त्याच्या वकिलाने अगदी सौम्यपणे विचारलं, "इतक्या वर्षांनी तुम्हाला तो आवाज इतका नेमका कसा आठवतो?"

भीतीने मनावर कोरला गेला, असं म्हणता आलं असतं. कुणाला खोटं वाटलं नसतं.

"संच चार दिवस नुसता खरखरत होता," मेकॅनिक म्हणाला. "त्या क्षणी पहिल्यांदा आवाज स्वच्छ आला. मला आनंद झाला. जमलं, असं वाटलं. काय बोलणं झालं ते डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला."

"आणि शिरल्यावर तुम्ही काय केलंत?"

"संच बंद केला. दुकानाचं शटर आतून ओढलं आणि बसून राहिलो."

"किती वेळ?"

"गोळ्यांचे आवाज थांबेपर्यंत."

वकील आपल्या जागेवर जाऊन बसला. 

चौदा महिन्यांनी निकाल लागला. डोंगरवाले म्हणजे नुसता जमाव नव्हता, तिथे हुकूम सुटत होते आणि पाळले जात होते, असं न्यायाधीशांनी लिहिलं. मास्तरला तीस वर्षांची शिक्षा झाली. शेजारचा न्हावी धावत दुकानात आला, पाठीवर थाप मारून म्हणाला, "लेका, तुझ्यामुळे झालं हे!"

"माझ्यामुळेच," मेकॅनिक म्हणाला. न्हाव्याला त्यात काही वेगळं जाणवलं नाही.

त्या आठवड्यात त्याला खोकल्याने हैराण केलं. गावात दवाखाना एकच आणि तिथल्या खिडकीत केसपेपर काढायला बहीणच बसते. दोन दिवस त्याने टाळलं. तिसऱ्या दिवशी रांगेत उभा राहिला.

बहिणीने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि पेन उचललं.

"नाव सांगा," ती म्हणाली.

त्याने सांगितलं.

"वय?"

त्याने तेही सांगितलं. तिने लिहून कागद खिडकीतून पुढे सरकवला. "आत बसा. बोलावतील."

मागची माणसं खोळंबली होती. कागद घेऊन तो बाजूला झाला.