तिळाची बाजू

“फाडू नकोस, थांब!” म्हणत बापाने कागदाचं एक टोक धरलं. दुसरं लेकीच्या मुठीत होतं. मध्ये ओल्या काळ्या शाईत तिची आई हसत होती.

“तीळ बघा ना बाबा. कुठल्या बाजूला आलाय?”

त्याने पाहिलं. बायकोच्या हनुवटीवर डावीकडे मसुराएवढा तीळ होता. छापात तो उजवीकडे गेला होता. भांग, हसताना वर जाणारा ओठ, सगळं इकडचं तिकडे.

ठसा कोरायचा तर चित्र आधी उलटं करून घ्यावं लागतं, तेव्हा कुठे ते कागदावर सुलट उमटतं. या पोरीला हे झोपेतही ठाऊक होतं. ओळखीपाळखीच्या माणसांचे चेहरे ती आधी कॅमेऱ्यात धरायची, मग लिनोच्या रबरी तक्त्यावर कोरायची. पोटापाण्याला टॅटूचं दुकान. पण आई गेली आणि दुकानाला कुलूप लागलं. काल पहिल्यांदा तिने आईचा फोटो लिनोवर गिरवायला घेतला, आणि तसाच सुलटा कोरला.

“आईसाठी एक काम केलं, तेही उलटं. बस झालं. सोडतेय मी हे सगळं.”

“सोडून करणार काय?”

“तुम्हीच म्हणायचात ना, लोकांची कातडी रंगवून कुणाचं भलं झालंय?”

“मी काय, काहीही म्हणायचो. तुझी आई ऐकायची का माझं?”

ती हसली नाही. त्याने कागद हलकेच सोडवून घेतला, खिडकीशी नेला आणि बघतच राहिला.

घरात आरसा एकच, बेसिनवरचा. रोज सकाळी बायको पुढे उभी राहून केस विंचरायची आणि हा मागून, तिच्या खांद्यावरून बघत दाढी करायचा. बसचा ड्रायव्हर, पहिली पाळी, कायम घाईत.

“सरक की जरा.”

“रस्त्यावर सगळ्यांना साइड देता, घरात द्यायला काय होतं?”

भांडणं आरशात, हसणंही आरशातच.

“अगं, ही बरोबर आहे,” तो म्हणाला. “मला रोज सकाळी आरशात अशीच दिसायची. तिला स्वतःला तर जन्मभर अशीच.”

लेक जवळ आली. कागदाकडे बघता बघता तिचा चेहरा वेडावाकडा झाला. आई गेल्यापासून ती रडली नव्हती. आता बापाच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडली.

संध्याकाळी त्याने तिला दुकान उघडायला लावलं. स्वतः खुर्चीत बसला आणि हनुवटीवर डावीकडे बोट ठेवलं.

“इथे. एक ठिपका.”

“बाबा, तोंडावर? लोक हसतील.”

“तीळ समजतील. कर तू.”

तिने सुई शाईत बुडवली. नेमकी जागा हेरून टेकवली.

“झालं. जखम भरेपर्यंत दाढी करायची नाही.”

जखम भरली तेव्हा तो आरशासमोर आला. वाढलेल्या दाढीतून ठिपका दिसत होता, बायकोचा तीळ दिसायचा त्याच बाजूला. त्याने फेस लावला. मग बेसिनपुढे एक माणूस उभं राहील इतकी जागा सोडून मागे सरकला, आणि मान उंचावून दाढी करू लागला.