रेघेच्या आत

मी मलमाची ट्यूब बोलतेय. पोट रिकामं व्हायच्या आधीच मुडपलेली, टोपण हरवलेली. माझ्या तोंडाशी मलम वाळून पिवळं झालंय आणि त्यात एक लांब केस चिकटलाय. तो केस शलाकाचा आहे. म्हणून घरात कुणी मला फेकत नाही.

कारखान्याचं फारसं आठवत नाही. मलम आत आलं, शेपटी चेपली, खोक्यात गेले. बडोद्यातल्या सयाजीगंजच्या एका औषधाच्या दुकानातून शौर्यने मला घरी आणलं. सतरा वर्षांचं पोर, नववीतून शाळा सोडलेलं, कुस्तीचं वेड. गादीवर घासून त्याच्या गुडघ्यावर पिवळ्या खपलीचे फोड आले होते.

डॉक्टर मोहनाबेननी त्याला बजावलं होतं, "आधी हात साबणाने धुवायचे. जखम धुऊन कोरडी करायची. पातळ थर, दिवसातून तीनदा. सात दिवस म्हणजे सात दिवस. ही ट्यूब तुझी, घरात वाटायची नाही. आणि लाली पसरली किंवा ताप आला तर मलम लावत बसू नकोस, इथे ये. समजलं ने?"

"हा बेन," तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी खपली पडली. "मटी गयुं! बरं झालं!" म्हणून ओरडला आणि मला कुस्तीच्या पिशवीत भिरकावलं. माझे चार दिवस तसेच राहिले.

पिशवीत मी तीन महिने होते. घामट मोजे, उन्हात तापलेली गाडीची डिकी, टोपण कधी निसटलं कळलंही नाही.

शलाका त्याची थोरली बहीण. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यांची तलवार अजून भिंतीवर आहे. वडील प्रतापराव कोयलीच्या रिफायनरीत पाळीवर जातात. पाहुणे आले की म्हणायचे, "तलवार भिंतीवर, आणि लढते कोण? आमची पोरगी!" राज्याच्या कुस्ती संघाच्या निवडीला आठ दिवस उरले असताना तिला मांडीच्या मागे, गुडघ्याच्या जरा वर, केसतोड आलं. स्वतःचं स्वतःला दिसणार नाही अशा जागी.

"डॉक्टरकडे गेले तर खेळू देणार नाहीत," ती म्हणाली. "तपासणीत फोड दिसला तर वजनकाट्यावरूनच परत पाठवतात. सहा वर्षं घासलीत मी. शौर्या, तुझं मलम आहे ना?"

"आहे ने. दोन दिवसांत बसवतो."

"वा रे माझा दाक्तर! नववी नापास!"

दाक्तराने हात धुतले नाहीत. दोन्ही अंगठ्यांनी ते केसतोड पिळलं. ती कळवळली, त्याला एक लाथ बसली, दोघं हसली. मग माझं उघडं तोंड थेट जखमेवर टेकवून त्याने मला दाबलं. जाड थर, वर प्लॅस्टिक, वर पट्टी. मी कातडीच्या वरवरच्या जखमेची. ते दुखणं खोल होतं आणि पिळल्याने आणखी खोल गेलं होतं. मला ओरडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी भोवती लाली आली. शौर्यने बॉलपेनने तिच्याभोवती गोल रेघ ओढली. "आता कळेल. रेघेच्या आत राहिली तर भीती नाही."

तिसऱ्या दिवशी लाली रेघ ओलांडून दोन बोटं पुढे गेली होती.

"वाढलंय का रे?" ती पालथी पडून विचारत होती.

पिळलं त्याने होतं. बाबा काय म्हणतील, ताईची निवड जाईल, सगळं त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. त्याने अंगठ्याला थुंकी लावली, जुनी रेघ पुसली आणि लालीच्या बाहेरून नवी ओढली.

"नाही ताई. रेघेच्या आतच आहे."

चौथ्या दिवशी पुन्हा तेच. त्या दिवशी ती थरथरत होती. "थंडी वाजतेय रे," म्हणाली. बडोद्यात मे महिना होता. तरी त्याने आधी पेनच उघडलं.

पाचव्या दिवशी तिला उठता येईना, बोलणं बरळल्यासारखं झालं. प्रतापरावांनी तिला उचलून रिक्षात घातलं. मी शौर्यच्या खिशात होते. दवाखान्यात नर्सने पट्टी सोडली. पुसलेल्या रेघा नीट पुसल्या गेल्या नव्हत्या. मांडीवर एकात एक तीन गोल.

"हे कुणी काढले?" नर्सने विचारलं.

"मी."

"म्हणजे तुला दिसत होतं?"

विष रक्तात गेलं होतं. दोन दिवसांनी शलाका गेली. निवड त्याच्या दुसऱ्या दिवशी होती.

आता मी तलवारीखालच्या खिळ्याला टांगलेल्या तिच्या पिशवीत आहे. शौर्य आखाड्यात जात नाही. कधी मला हातात घेतो, माझ्या पोटावर अंगठा ठेवतो आणि काही न दाबता परत ठेवतो. परवा प्रतापराव एवढंच म्हणाले, "मला सांगायचं होतंस रे. मी मारलं असतं. मग घेऊन गेलो असतो."

मी वाईट नाही. ज्याच्या नावाने लिहिली त्याला, धुतलेल्या हातांनी, सांगितले तितके दिवस लावली असती तर मी पुष्कळ जखमा भरल्या असत्या. पण मी ट्यूब आहे, डॉक्टर नाही. जखमेभोवती रेघ जरूर ओढा. लालीने ती ओलांडली, तर तसेच उठा, चप्पल घाला, निघा. कुणी विचारलं तर खरं सांगा.

दुसरी रेघ ओढू नका.