अंगी लागणं

"अगं, ही तर मस्त खातेय की! मग हाडं का दिसतायत?" सासूबाई गोठ्याचा गज धरून उभ्या होत्या. अंगात माझा जाड कोट, वर मफलर, तरी दात वाजत होते.

स्टुटगार्टपासून तासाभरावरच्या या डोंगरावर कुठली गाय किती चारा खाते आणि तिचं वजन किती वाढतं, हे बघणं माझी नोकरी. गायी दुधाच्या नव्हेत, मांसाच्या. हे काही मी सासूबाईंना सांगितलेलं नाही. घरात बसून त्या पार मिटून गेल्या होत्या, म्हणून रविवारी मुद्दाम आणलं. निहार, म्हणजे माझा नवरा, दिवसभर ऑफिसात. आमच्या ईप्सिताला आजीचं मराठी कळतं, पण उत्तर येतं जर्मनमध्ये. बोलायचं तरी कुणाशी हो त्यांनी?

"पोट बघा ना आई, केवढंय! शेजारणीच्या दीडपट चारा मावतो त्यात. पण ही खालच्या उबदार गावातनं आलीये. इथला ओला वारा सोसत नाही तिला. खाल्लेलं सगळं अंग गरम ठेवण्यातच जातं."

"म्हणजे खाते, पण अंगी लागत नाही."

घ्या! तीन वर्षं मी याच वाक्याचं जर्मन शोधतेय.

"मग आता काय करणार हिचं?"

अशा गायीला इथे कळपात ठेवत नाहीत. मंगळवारी येणारी गाडी कत्तलखान्याची होती.

"परत पाठवणार," मी म्हटलं. "जिथून आली, तिथेच."

सासूबाईंनी गायीच्या कपाळावर हात ठेवला. "बिचारीला बोलता येत नाही, तरी कळलं हो तुम्हाला," त्या म्हणाल्या.

कऱ्हाडचा फ्लॅट त्यांनी स्वतःच हट्टानं विकला होता. "आता पोरापाशीच राहायचंय, फ्लॅट कशाला हवाय?" म्हणत भांडीसुद्धा वाटून टाकली. असू दे, असू दे, म्हणून आम्ही किती सांगितलं! आता इथे दोन्ही वेळा पोटभर जेवतात आणि तरी ब्लाउज सैल होत चाललेत. विचारलं की म्हणतात, "छान चाललंय गं."

मंगळवारी मी घरी आले, तेव्हा त्या खिडकीशी ब्लाउजला आतून टाके घालत बसल्या होत्या.

"गेली का गं ती?"

"गेली."

"तिची जागा ठेवली होती का त्यांनी तिथे?"

"हो, आई. रिकामीच होती."

"नशीबवान आहे बाई." त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि ब्लाउजची घडी घातली. "चल, पानं घेऊ. मला आज एक पोळी जास्त वाढ हं."