खडवलीच्या तंबूंची राखण

राखणीच्या कुत्रीला साखळीने बांधतात का?

प्रश्न सरळ आहे. मी तो राकेशला विचारला, सुदेशसाहेबाला विचारला, मचाणावर बसून टाळ्या वाजवणाऱ्या पाहुण्यांनाही विचारला. माझ्या पद्धतीने विचारला, म्हणजे भुंकून. "हाकला रे त्याला," एवढंच ते म्हणाले. उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

मी दगडू. जातीने गावठी, रंगाने विटकरी, डावा कान फाटका. खडवलीला नदीकाठी बिबट्या दाखवणारा तंबूंचा कॅम्प आहे. तिथे मी आणि माझी मोठी बहीण रतन राखणीला होतो. आता रतन नाही, म्हणून मी बोलतोय. मला नीट मांडून सांगता येत नाही. राग आला की मी आधी चावतो आणि मग विचार करतो. तेवढं सांभाळून घ्या.

आमचा जन्म ठाण्याचा, वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यातला. तिथे ताडपत्र्या आणि तंबू शिवायचे. कापून उरलेल्या कापडाच्या ढिगावर आईने पाच पिल्लं घातली, त्यातली दोन जगली. रतन माझ्याआधी बाहेर आली. तेवढ्या अर्ध्या तासाच्या जोरावर ती जन्मभर माझी ताई झाली. भाकरी पडली की आधी ती हुंगायची आणि मग मला खाऊ द्यायची.

नावं ठेवली ती महिपतकाकांनी. ते माणदेशातले. त्यांचे वडील मेंढरं राखायचे, हे शिलाईच्या मशीनवर बसले. आमच्याशी बोलत बोलत टाके घालायचे.

एकदा सुदेशसाहेब आपले दहा तंबू न्यायला आला. आम्हाला बघून म्हणाला, "ही दोन कुत्री पण देऊन टाका. राखणीला होतील."

"तिकडं बिबट्या हाय न्हवं?" काकांनी विचारलं.

"अहो, त्यासाठीच तर कॅम्प!" साहेब हसला.

काका हसले नाहीत. "जरा थांबा," म्हणाले. तंबूचं जाड कापड दुहेरी घेतलं, त्यावर चार वेळा शिलाई मारली, आतून खिळे ठोकले. टोकं सगळी बाहेरच्या बाजूला आणि डोक्यांवर आतून मऊ चामडं. असे दोन पट्टे करून त्यांनी आमच्या गळ्यात बांधले. "बिबट्या आधी नरडं धरतो," ते साहेबाला म्हणाले. "तोंडाला टोचलं की सोडतो. माझ्या बापाच्या कुत्र्यांना असंच असायचं. हे काढू नका."

साहेबाने मान हलवली. त्याचं लक्ष तंबू मोजण्यात होतं.

टेम्पोत तंबूंच्या गुंडाळ्यांवर बसून आम्ही खडवलीला आलो. नदी, पलीकडे टेकडी, मध्ये एक ओढा आणि ओढ्याच्या काठाने करवंदीची जाळी. अलीकडच्या मोकळ्या जागेत दहा तंबू उभे राहिले. प्रत्येक तंबूत पलंग, आरसा आणि पलंगावर टॉवेल दुमडून केलेला हंस. मी पहिल्याच दिवशी तीन हंस फाडले. वेशीवर पाटी लागली : 'रानातला बिबट्या, तंबूच्या दारातून!'

जमीन होती लक्ष्मीमावशीच्या दिराची, कॅम्प साहेबाचा आणि चूल मावशीची. ती ओढ्यापलीकडच्या पाड्यातली, तिथेच जन्मलेली. व्यवस्थापक राकेश. तो कल्याणजवळच्या मोहने गावचा. त्याचे वडील तिथला कारखाना बंद पडल्यापासून घरी बसलेले, त्यामुळे साहेबाचा फोन वाजला की राकेश उभा राहून बोलायचा.

पाहुण्यांची एक गंमत सांगतो. शांतता ऐकायला येतात आणि सोबत स्पीकर आणतात. सहा खिशांच्या हिरव्या पँट घालतात, खिसे सगळे रिकामे. गाडीतून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, "वायफाय आहे ना?" आणि दुसरा, "बिबट्या किती वाजता येतो?"

आम्हाला वळण लावायला राकेशने कल्याणहून एक ट्रेनर आणला होता. बस, ऊठ, हात दे. रतन लगेच शिकली. मी दुसऱ्या दिवशी त्याचा बूट फाडला. तिथे माझी शाळा संपली.

खरं शिक्षण रतनकडे होतं. ऊन कलायला लागलं की ती दहाही तंबूंना दोन फेऱ्या घालायची, मी तिच्या मागे. पलीकडून बिबट्याचा वास आला की ती ओढ्याच्या काठापर्यंत धावत जायची आणि छाती फुटेस्तोवर भुंकायची. तो करवंदीतून मागे फिरायचा. आम्हाला वाटायचं, आपण काम चोख करतोय.

चोखच करत होतो. तेच नडलं.

ज्यांना बिबट्या विकायचा होता त्यांनी बिबट्या हाकलायला कुत्री आणून ठेवली होती! एवढी साधी गोष्ट या शिकलेल्या माणसांच्या लक्षात आली नाही. आणि जेव्हा आली, तेव्हा त्यांनी काय केलं ते ऐका.

आधी ऐश्वर्या आली. घोडबंदर रोडला राहणारी. आपल्या सोसायटीबाहेरच्या चाळीस कुत्र्यांना रोज जेवण घालणारी. मला सगळ्यात जास्त राग तिचा येतो, कारण ती वाईट नव्हती. रतनच्या गळ्यातला पट्टा बघून ती किंचाळलीच.

"खिळे? अरे, हे काय आहे? किती क्रूर आहात तुम्ही लोक!"

मावशी हात पुसत बाहेर आली. "बाय, ते खिले बाहेर हायेत. तिला नाय टोचत, वाघाला टोचतात."

"मावशी, प्लीज. मला प्राण्यांतलं कळतं."

"मना कुत्र्यांतलं कलतं, बाय. माजे आठ कुत्रे या बिबट्या वाघाने नेलेत."

ऐश्वर्याने ऐकलं नाही. प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्री घेतली आणि दोन्ही पट्टे कापले. पिशवीतून लाल मऊ पट्टे काढले, त्यांना बारीक घुंगरं. आमच्या गळ्यात अडकवून आमच्या कपाळांवर ओठ टेकले, फोटो काढला. "आता बघा कशी गोड दिसतायत!" रतनने शेपटी हलवली. तिला माया कळायची, तेवढीच तिची चूक.

राकेश बाजूला उभा होता. खिळे कशासाठी आहेत ते त्याला ठाऊक होतं. पण पाहुण्यांना उलट बोलायचं नाही, असा कॅम्पचा नियम आहे.

त्यानंतर तीन शनिवार बिबट्या दिसला नाही. तंबूच्या सावलीत पडल्या पडल्या मी राकेशचा फोन ऐकला. साहेबाचा आवाज फोनबाहेर येत होता.

"लोक काय लिहितात वाचलंस? 'मांजरसुद्धा दिसलं नाही.' मी काय तोंड दाखवू?"

"साहेब, कुत्री भुंकतात. तो फिरकतच नाही."

मग साहेब म्हणाला, "मग कुत्रीच कामाला लाव ना."

मला वाटलं, आम्ही तर कामालाच आहोत.

पुढच्या शनिवारी पाड्यात हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे मांडव, बॅन्जो आणि मटणाची पातेली. मी दुपारीच पळालो. रतन आली नाही. पाहुणे यायचे होते आणि तिला फेऱ्या घालायच्या होत्या. मी मांडवामागे हाडं चघळत बसलो. हे मी लपवत नाही. मी हाडं चघळत होतो.

ऊन उतरलं तसा परत निघालो. ओढ्यापाशी आलो तर रतनचं भुंकणं ऐकू आलं. पण ते एकाच जागेवरून येत होतं. राखणीचं कुत्रं एका जागेवर उभं राहून कधी भुंकत नाही. मी धावलो. तिच्या गळ्यातलं घुंगरू जोरजोरात वाजत होतं.

मग ते वाजायचं थांबलं. मग टाळ्या वाजल्या.

मी पोहोचलो तेव्हा बिबट्या दोन ढांगांत जाळीत गेला होता. मचाणासमोरच्या मोकळ्या जागेत लोखंडी खुंटी ठोकलेली. खुंटीला साखळी, साखळीला रतन. साखळी ताठ होती. शेवटपर्यंत ती तंबूंच्या दिशेने ओढत होती.

वरून एकाचा आवाज आला, "आई शप्पथ, बंटी, क्लिप बघ! कसला घेतला!"

"अरे, फ्लॅश कुणी मारला यार? पळाला ना तो."

"ए, मला पाठव, मला पाठव."

एक बाई तोंडावर पदर घेऊन रडत होती. बाकीचे तिला समजावत होते, "अगं, निसर्ग आहे हा."

निसर्ग? निसर्गाने खुंटी ठोकली? साखळीचं हार्डवेअरचं दुकान निसर्गाचं आहे?

बिबट्यावर माझा राग नाही. त्याला भूक होती. त्याने रतनच्या गळ्यात कधी घुंगरं बांधली नव्हती, कपाळावर ओठ टेकले नव्हते. त्याला ती सापडली तशी त्याने घेतली. मी राकेशची पोटरी धरली आणि सोडली नाही. त्याने काठी घातली, माझी बरगडी मोडली, तरी सोडली नाही. मावशीने येऊन मला ओढलं.

"तिला बांदली कोनी?" मावशीने विचारलं.

"राखणीला बांधली होती, मावशी," राकेश म्हणाला.

"राखनीला सोडतात रे मेल्या. बांदतात ती बकरी."

राकेशने मोबाइल काढला आणि त्यात बघत उभा राहिला. मावशीने पदर खोचला, चुलीवरची पातेली होती तशीच ठेवली आणि रतनला साखळीतून सोडवून कडेवर घेतलं. लहान मुलीला घेतात तसं. त्याच पावली ती नोकरी सोडून पाड्यातल्या घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने परसात खड्डा खणला. मला जवळ बसू दिलं.

ती क्लिप म्हणे लाखो लोकांनी बघितली. त्यात साखळी दिसत नाही, खालचा भाग कापलाय. कॅम्प दिवाळीपर्यंत भरलेला आहे.

ऐश्वर्यानेही ती बघितली. एकटीच गाडी घेऊन पाड्यात आली, मावशीच्या ओट्यावर बसून खूप रडली. "मी काढला पट्टा, मी काढला," एवढंच म्हणत होती. मावशीने तिला चहा दिला. तिने माझ्यापुढे बिस्किटं ठेवली, मी तोंड फिरवलं. ती गेल्यावर खाल्ली, भूक लागली होती. पण तिच्यासमोर नाही.

आता मी त्याच ओट्यावर असतो. बरगडी वाकडी जुळली, जोरात धावलं की दुखते. माझ्या शेजारी एक काळं पिल्लू झोपतं आणि झोपेतही माझा फाटका कान चावतं.

तुम्ही बिबट्या बघायला खुशाल या. रान कुणाच्या बापाचं नाही. पण तो दिसलाच पाहिजे असा हट्ट घरी ठेवून या. हट्ट तुम्ही करता आणि त्यासाठी खुंटीला तिसराच कुणी बांधला जातो. आणि मचाणावरून खाली एखादं जनावर बांधलेलं दिसलं, तर कॅमेरा खाली ठेवा आणि उतरून विचारा. मला नाही उत्तर मिळालं. तुम्हाला द्यावं लागेल, तुम्ही पाहुणे आहात.

हे पिल्लू माझ्याकडे कसं आलं ते सांगतो आणि थांबतो.

मागच्या शनिवारी दिवेलागणीच्या जरा आधी ओढ्यापलीकडून, कॅम्पच्या बाजूने, बारीक केकाटणं ऐकू आलं. मी उठलो. मावशीने हाक मारली, पण मी थांबलो नाही. मचाणासमोर तीच खुंटी आणि तिला हे पिल्लू. एवढ्याशा गळ्याला साखळी जड, म्हणून तंबूची हिरवी दोरी लावली होती. मी सरळ मोकळ्या जागेत जाऊन बसलो आणि दोरी चावायला लागलो.

"ए, हा कोण मध्येच? हट्! हट्!" वरून बाटली आली. मग चप्पल आली. एक दगड पाठीत बसला. मी चावत राहिलो. दोरी तुटली तसं पिल्लाला मानेच्या कातड्याला धरून उचललं आणि ओढ्याकाठच्या उंचवट्यावर चढलो.

"आजचा शो फुकट गेला," राकेश म्हणाला. "चला, जेवायला चला सगळे."

लोक कुरकुरत खाली उतरले आणि तंबूंच्या वाटेला लागले. सगळ्यात पुढे एक सहा-सात वर्षांची मुलगी, हातात गुलाबी टॉर्च. "सान्वी, सावकाश," तिचे बाबा मागून म्हणाले. ते मोबाइलमध्ये बघत चालले होते.

आणि मला वास आला. तो जाळीत नव्हता. दर शनिवारी इथे काहीतरी बांधलेलं असतं हे तो शिकला होता, आणि आज खुंटीला काही नव्हतं. तो वाटेच्या कडेला, शेवटच्या तंबूच्या मागे बसला होता. सान्वी त्याच्याकडेच चालली होती.

खोटं कशाला सांगू? मी गप्प राहिलो. दोन श्वास, तीन श्वास. घ्या, म्हटलं, आता टाळ्या वाजवा. माझ्या तोंडात पिल्लू होतं. भुंकायचं तर ते खाली ठेवावं लागणार होतं, आणि बिबट्या माझ्यापासूनही लांब नव्हता.

पोर टॉर्च फिरवत चालली होती. स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती.

मी पिल्लू खाली ठेवलं, पुढच्या दोन पायांमध्ये दाबून धरलं आणि भुंकलो. रतन भुंकायची तसं नाही, मला तसं येत नाही. पण बरगडी फाटेल एवढं भुंकलो. सान्वी जागच्या जागी उभी राहिली. राकेशने वर माझ्याकडे बघितलं, मग मी बघत होतो तिकडे बघितलं. पोरीला उचलून तो ओरडला, "गाड्यांत! पळा, सगळे गाड्यांत!" चपला सुटल्या, कॅमेरे पडले, माणसं एकमेकांवर आदळली. दारं लागायला लागली, एक, दोन, तीन. शेवटचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत मी त्यांच्यासाठी भुंकत राहिलो.